फुकटच्या जागेतला पाहुणा

मंडळी, सावरून बसा! वेबसाइट ठेवायला जगातली सगळ्यात चांगली फुकटची जागा कोणती, याचा अंतिम निकाल जालन्यात, माझ्या चार कॉम्प्युटरच्या सायबर कॅफेत लागलेला आहे.

निकाल देणारे गृहस्थ एमआयडीसीत, बियाण्यांच्या कारखान्यात कारकून होते. दर रविवारी दहाला यायचे, रुमालाने की-बोर्ड पुसायचे आणि कोपऱ्यातल्या मशीनवर स्वतःची वेबसाइट उघडायचे. तिच्यावर राजूरला जाणाऱ्या एसट्यांचं वेळापत्रक होतं आणि खाली भेट देणाऱ्यांचा आकडा.

"फुकट जागा देणारे जाहिराती किती दाखवतात ते पाहू नका," ते मला बजावायचे. "कोणी फिरकलं न्हाई तर साइट कधी पुसतात, ते पाहा. आधीच्या दोघांनी महिन्यातच माझी पुसून टाकली. हे बिलकुल सज्जन. तीन महिने थांबतात."

"मंग दर रविवारी कशाला येता?"

"बंद घर झाडावं लागतंच की, शेठ."

आकडा दर रविवारी एकानेच वाढायचा, कारण येणारे ते एकटेच.

एका शनिवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मला खोडी सुचली. मी ती साइट उघडली, सगळ्या एसट्या वाचल्या आणि बंद केली.

रविवारी आकडा दोनाने वाढलेला दिसला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी पाठ फिरवून प्रिंटरशी उगाच खुडबुड करत राहिलो. भरल्या कॅफेत ते ताडकन उभे राहिले आणि ओरडले, "अहो शेठ, कोणीतरी आल्तं!"