टॉकीजमधले दगड

आधी चाचीचं सांगते, मग पार्टीचं. चाची म्हणजे आमच्या शिलाईच्या दुकानाची मालकीण; नात्यानं माझी कोणीच नाही. बाबा गेल्यावर आठवीतच शाळा सुटली. भामरागडकडून मी एकटी चंद्रपूरला आले, तेव्हा तिनंच मशीन शिकवली, स्वतःच्या घरात झोपायला जागा दिली. अजूनही कोणी मोठ्यानं बोललं की मी मशीन थांबवून दाराकडं बघते. ती चहा पुढं सरकवते.

मागच्या हिवाळ्यात टॉकीजमध्ये जंगलाच्या थीमची पार्टी होती. आमच्या भामरागडकडच्या आदिवासी मुलांच्या वसतिगृहासाठी पैसे गोळा करायचे, मग सिनेमा. पाहुण्यांचे कपडे आम्हीच शिवलेले, म्हणून मॅडमनी आम्हा दोघींना पास दिले. कार्यक्रम त्यांचाच, आणि आमचं दुकान चालायचं तेही त्यांच्याच शाळेच्या गणवेशांवर.

दारातच डोक्याला पिसं खोवलेले डॉक्टर, गालांवर ठिपके काढलेल्या बायका. एक जण तोंडावर हात आपटत हुऱ्हुऱ् ओरडत होता. आमच्याकडं असं कोणी ओरडत नाही. तरी मी चाचीच्या मागून आत गेले.

मग ते दगड दिसले.

आमच्यात माणूस गेला की त्याच्यासाठी गावाबाहेर दगड उभा करतात. नवं धान्य आलं की आधी त्याच्यापुढं ठेवायचं, मग आपण खायचं. इथं पॉपकॉर्नच्या काउंटरशेजारी थर्माकोलचे तसेच दगड रांगेत उभे होते. मागं मोठं बॅनर, त्यावर खऱ्या दगडांचा फोटो. आमच्याच गावचा. डावीकडं झुकलेला तो बाबाचा. थर्माकोलचाही तसाच झुकवलेला, अगदी हुबेहूब. आणि पुढं पाटी: रिंग टाका, बक्षीस जिंका.

एका साहेबांची रिंग नेमकी त्याच्याच गळ्यात पडली. टाळ्या वाजल्या.

मी पुढं होऊन रिंग काढली. "हे बंद करा."

"अरे, हिला आधी खेळायचंय वाटतं!" साहेब हसले.

"तो माहा बाप आहे."

"थर्माकोलचा?" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे खिदळले.

मॅडम धावत आल्या. "अगं, तुमच्याच मुलांसाठी चाललंय ना हे? साहेबांची माफी माग." मग चाचीकडं वळून म्हणाल्या, "नाहीतर गणवेशांचं मी दुसरीकडं बघते."

माझ्यापायी चाचीचं दुकान बुडणार. माफी अगदी ओठांवर आली होती.

"माफी काऊन मागायची तिनं?" चाची म्हणाली. "तुमच्या सासऱ्याच्या फोटोवर मी रिंगा फेकू का, मॅडम? चालन तुमाले?" मग ती स्टुलावर चढली. "चल बेटा, तिकडून धर."

आम्ही दोघींनी बॅनर उतरवलं, गुंडाळलं. पिसांवाले बाजूला सरकले.

गणवेश गेलेच. वर मॅडम सगळ्यांना सांगत फिरल्या, की या लोकांसाठी कितीही करा, यांना कदर नाही. आमच्या मेलेल्यांना खेळात उभं करताना कोणाला विचारलं होतं का तुम्ही? आजही त्या टॉकीजवरून जाताना माझे दात आवळले जातात.

चाची आता साड्यांना फॉल लावते, जुने कपडे अल्टर करते. मला एका शब्दानं बोलली नाही. चाची, एक दिवस मी या दुकानात इतकं काम आणीन, की कोणत्याच मॅडमच्या तोंडाकडं तुला बघावं लागणार नाही. तोवर मी कुठी जात नाही.