सात आणि आठचा लसावि

म्हात्रे बाईंना संख्या दिसली की ती फोडल्याशिवाय राहवत नसे. रोह्याच्या स्टँडवर आम्ही मुली त्यांना भेटलो, तर आमच्या नमस्काराच्या आधी समोरच्या एस.टी.चा नंबर पुढे यायचा. "फोड गो." आम्ही दोनने भागायचो, तीनने भागायचो, सातपाशी येऊन अडखळायचो. एखादी संख्या कशानेच भागली नाही की बाईंचा चेहरा खुलायचा. "नाय फुटत ना? मूळ संख्या हाय ती. उगाच तिच्या मागं लागू नका."

बाई पेणच्या, खाडीकाठी मिठागरात राबणाऱ्या घरातल्या. शाळेसाठी रोह्यात एकट्या राहायच्या. नवरा डोलवीकडे एका कंपनीत, तिकडेच खोली घेऊन. संसार असा दोन ठिकाणी वाटलेला, आणि बाई त्याचंच उदाहरण करून आम्हाला शिकवायच्या. लसाविचा धडा आला की दरवर्षी फळ्यावर तेच: बाईंना दर सातव्या दिवशी सुट्टी, डोलवीच्या कंपनीतल्या कामगाराला दर आठव्या दिवशी, तर दोघांची सुट्टी एकत्र कधी येईल?

"सात आणि आठ सहमूळ," बाई सांगायच्या. "एक सोडला तर दोघांना भागणारं काय नाय. म्हणून लांब जावं लागतं. छप्पन्न."

त्या छप्पन्न दिवसांतल्या आपल्या बाकीच्या सुट्ट्यांना नवरा येत नसे. तू शाळेत, मी येऊन काय भिंती बघू, असं त्याचं म्हणणं आणि ते बाईंना पटलेलं. तो छप्पन्नावा दिवस जवळ आल्याचं वर्गाला आपोआप कळायचं. आदल्या शनिवारी बाई कुणावर ओरडत नसत आणि शाळा सुटली की जिताडा घ्यायला थेट मासळीबाजार गाठत.

आम्ही सहावीत असताना वर्गात सुनंदा आली. आईवडील डोलवीशेजारच्या वडखळला, ही रोह्यात मामाकडे शिकायला. बाईंनी फळ्यावर उदाहरण लिहिलं आणि ती उभी राहिली.

"बाई, त्या कंपनीत आठव्या दिवशी सुट्टी नसते. माझ्या बाबांना रैवारीच असते."

"तुझ्या बाबांचं खातं वेगळं असेल."

"नाय बाई. सगळ्याच खात्यांना रैवारी असते, म्हात्रेकाकांनापण. काका आमच्या शेजारीच राहतात. रैवारी काकीला नि बाळाला घेऊन बाजारात येतात ना."

बाई फळ्याकडे वळल्या. गणित अर्धवट टाकायची त्यांना सवय नव्हती. छप्पन्न लिहून त्यांनी खाली दोन रेघा ओढल्या. "उत्तर बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या." आम्ही लिहून घेतलं. सुनंदाला तर आपण काय बोललो तेही उमगलं नव्हतं.

त्या माणसाची मला आजही चीड येते. गणिताच्या बाईला फसवायला त्याने सातशी न जुळणारा आकडा शोधला, आणि तो कसा बरोबर आहे हे ती बिचारी वर्षानुवर्षं पोरींना पटवून देत राहिली.

पुढच्या वर्षापासून फळ्यावरचा कामगार गेला, त्याच्या जागी दोन घंटा आल्या. आणि कुठलंही गणित सोडवण्याआधी बाई एक नवीनच वाक्य बोलू लागल्या, "आधी दिलेलं तपासा. दिलेलंच खोटं असलं तर उत्तर बरोबर येऊन काय करायचंय?" परीक्षेत दिलेलं कोण तपासतं, म्हणून पोरी हसायच्या. जिताड्याचं नाव बाईंनी परत काढलं नाही.

निवृत्तीनंतर त्या पेणला परतल्या. मी भेटायला गेले तेव्हा आतल्या खोलीत खाटेवर त्यांचा नवरा होता. लकवा मारलेला, तोंड वाकडं झालेलं. "अंग गेलं तशी वडखळच्या तिनं रिक्षातून आणून दारात उतरवला," बाईंनी चहा गाळता गाळता सांगितलं. एवढ्यात आतून जड जिभेने हाक आली, "आज वार कुठला गो?"

"रैवार," बाई म्हणाल्या.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बुधवार होता. बाईंनी कप माझ्यापुढे सरकवला.

"रोज विचारतो. मी रोज रैवारच सांगते. मला छप्पन्न दिवसांनी एक द्यायचा. आता घे म्हणावं रोज."