वाकलेलीले आणखी काऊन वाकवता?

ये बाई, अशी जवळ सरक. आणि मांडीवर पुस्तक टाकून, मान खाली घालून काय वाचून राह्यली? भिंतीले पाठ टेक, पुस्तक वर धर. तुमच्या पाठी रोवणी न करताच वाकल्या. आमची निदान धानाच्या कामी आली.

आमचं गाव मूल तालुक्यात, जंगलाले लागून. लग्न होऊन आली तेव्हापासून मी एक रोवणी चुकवली नाई. दहा-बारा बायका बांधीत, पाणी भरल्या वावरात, ओळीनं वाकायचं, चिखल पिंढरीपर्यंत, आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत रोवत उलटं मागं सरकायचं. डाव्या हातात पऱ्ह्याची पेंढी, डावं कोपर डाव्या गुडघ्यावर, उजवा हात चिखलात. धुऱ्याकडची, म्हणजे बांधाजवळची, पहिली जागा माझी. पहिलीची ओळ वाकडी गेली की सगळी बांधी वाकडी.

मधेच कोणी कंबर सरळ केली की बाकीच्या ओरडतात, "मालकीणबाई, धुऱ्यावर जा ना! छत्री आणू काय?" कारण सरळ उभी राहते ती फक्त मालकीण. हे चिडवणं सगळ्यात जास्त मीच केलं. खोटं कशाले बोलू?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या विहारात योगाचं शिबिर झालं. शहरातून एक सर आले, माईक घेऊन. रोवणीवाल्या, दुकानवाल्या, पोटुशा, म्हाताऱ्या, सगळ्यांले एकच हुकूम: वाका, पायाचे अंगठे धरा. बाकीच्या कण्हत होत्या. माझे तर तळवे जमिनीले टेकले.

"आजीले बघा!" सर माईकवर ओरडले. "लाजा जरा!"

टाळ्या पडल्या. मी फुगली. घरीही रोज करू लागली, आजच्यापेक्षा उद्या जास्त. जन्मभर जे केलं त्यातच पहिला नंबर आला, हे मले तेव्हा समजलंच नाई.

मग एका सकाळी चटईवरून उठताच येईना. कंबरेपासून डाव्या टाचेपर्यंत कळ. डॉक्टरनं फोटो काढला, नस दबली म्हणे, गोळ्या दिल्या. पोरानं ओसरीत प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली.

"आई, आता इथी बसायचं. रोवणी बंद. वय झालं."

"खुर्चीचं वय झालं की तिले जाळतोस. मले काय करशील?" मी म्हटलं.

त्यानं खुर्ची काही हलवली नाई. रोवणीले दीड महिना होता. पहिली जागा एकदा दुसरीले गेली की परत मागायची कशी?

सुनेनं चंद्रपूरहून एक बाई बोलावली, योगोपचार शिकलेली. माझ्या नातीच्या वयाची. मी खुर्चीतूनच म्हटलं, "वाकवायले आलीस ना? चालली जा."

ती हसली. चटई उघडलीच नाई. आधी डॉक्टरचे कागद वाचले. मग कांद्याच्या पातीची जुडी माझ्या हातात दिली न् म्हणाली, "आजी, रोवून दाखवा. दुखेल तिथं थांबा."

अंगणात मी जेमतेम चार पावलं मागं सरकली. ती बाजूनं चालत माझं कोपर, गुडघा, श्वास पाहत होती.

"आजी, तुम्ही डाव्या अंगावर वाकता, आणि वाकलं की श्वास कोंडून धरता. तुमच्या कंबरेले वाकणं काय शिकवायचं? तिले उठणं शिकवावं लागेल."

श्वासाकडे पाहणं मले नवं नाई, विहारात आम्ही तेच करतो. पण काम करताना तो कोंडते, हे इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तिनं पालथं पडून छाती थोडीशीच उचलायले लावली. चौकटीले पाठ लावून उभं राहायले लावलं. सून म्हणे, मीही हेच करते. "नाई, तुमचं बीपी आहे, तुमचं वेगळं," ती म्हणाली. बरोबरच आहे. एका मापाचं ब्लाऊज अख्ख्या गावाले कोणी शिवते काय?

शेवटी म्हणाली, "रोवणीले जा, पण अर्धाच दिवस. आणि एक पेंढी संपली की एकदा सरळ उभं राहायचं."

गोळीपेक्षा हे कडू होतं.

रोवणीच्या पहिल्या दिवशी पोरगा दारात आडवा उभा होता. मी त्याच्या बगलेखालून निघाली. बांधीत माझी पहिली पेंढी संपली. मी उठली, कंबरेवर हात ठेवले, छाती वर केली, श्वास सोडला.

"मालकीणबाई उभ्या राह्यल्या वो!" माझी जाऊच ओरडली. सगळ्या खिदळल्या.

"आहोच मी मालकीण," मी म्हटलं. "माह्या कंबरेची. ओळ वाकडी गेली असेल तर सांग."

तिनं ओळ पाहिली. सरळ होती. तिसऱ्या दिवशी तीही दर पेंढीले उठू लागली, पदर नीट करायच्या नावानं.

थंडीत टाच अजून झिणझिणते. दुपारनंतर मी घरीच असते. पण पहिली जागा माझीच आहे, आणि त्या खुर्चीवर आता मिरच्या वाळतात.

यंदा ते सर पुन्हा आले, मले पुढं बोलावलं. मी उभीच राह्यली. म्हटलं, "आधी एकेकीले विचारा, ती दिवसभर काय करते. मग सांगा वाकायले."

तर तू आमच्या बांधीत ये बाई, लवकर ये. रोवणी संपायच्या आत ये. तू दिवसभर कशी बसते ते दाखव मले, मी माझी ओळ दाखवते.