धक्क्यावरून आबांची खूण

मी मुळातच संशयी. दूधवाला हसून बोलला तरी मला वाटतं, आज पाणी जास्त घातलंय. त्यामुळे रेवदंड्याच्या खाडीत स्पीडबोट शिकायला गेले, तेव्हा मास्तरांवर विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या एका बोटीवर चालकाची एकच जागा होती, परीक्षेत जो पहिला येईल त्याला ती मिळणार होती, आणि मास्तरांचा सख्खा भाचा आमच्याबरोबर शिकत होता. आता तुम्हीच सांगा.

भर पाण्यात माझी बोट झकास चालायची. घोळ व्हायचा तो धक्क्याला लावताना. मास्तर ओरडायचे, "मॅडम, गिअर सोडू नका! पंखा फिरतोय तोवरच बोट वळते." मला वाटायचं, हा बाबा मला धक्क्यावर आपटवून भाच्याची सोय करणार. कारण धक्क्यावर माझे वडील, आमचे आबा, येऊन बसलेले असायचे आणि हात आडवा हलवून खूण करायचे: बंद कर, बंद कर. आबांचा अख्खा जन्म मासेमारीत गेलेला. त्यांच्या होडीला मागे सुकाणू होतं; इंजिन बंद करून ती अलगद काठाला आणायची, ही आमच्याकडची रीत. आई गेल्यापासून चौलच्या घरी आम्ही दोघंच. त्यांचं नाही ऐकायचं तर कुणाचं?

मी गिअर सोडायचे. पंखा थांबायचा, आणि या बोटीला होडीसारखं सुकाणू नव्हतं. मग चाक कितीही फिरवा, बोट ऐकायची नाही आणि भरतीचं पाणी तिला आडवी करून टाकायचं. एकदा मास्तर चहाला गेल्यावर मी चाकाखालचे नट चाचपून पाहिले. सगळे घट्ट. तरी शंका फिटेना.

परीक्षेच्या सकाळी मी जरा लवकरच पोचले. भाचा सराव करून परत येत होता आणि धक्क्याजवळ गडबडला होता. आबा माझ्याकडे पाठ करून उभे होते. त्यांनी त्याला हाक दिली, "गिअर सोडू नको रे! सोडलास तर वळायची न्हाय!"

म्हणजे आबांना सगळं माहीत होतं.

माझी पाळी आली. धक्का जवळ आला तसा आबांनी नेहमीसारखा हात आडवा केला. मी त्यांच्याकडे सरळ बघितलं आणि गिअर सोडला नाही. बोट वळली, मी ती जराशी मागे घेतली आणि ती धक्क्याला टेकली. मला रागाने रडू येत होतं. मी दोर फेकला, तो आबांनीच झेलला.

"आबा, मला उलटं का सांगत होतात?"

ते खाली बघून दोर खुंट्याला गुंडाळत राहिले. "पास झालीस की जाशील ना, बाय."

जागा मला मिळाली आणि मी गेले. आता रोज फोनवर आबा सांगतात, "मी बरा हाय, माझी काळजी करू नको." माझा काडीचा विश्वास बसत नाही.