पाठमोरी बसून केलेली वाटणी

हे मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

सडक अर्जुनीच्या शाळेत मी आठवीला इंग्रजी शिकवते. ‘फेअर अँड स्क्वेअर’, ‘टिट फॉर टॅट’ फळ्यावर लिहिलं की मुलं उदाहरण मागतात. मी क्रिकेटचं देते. खरं उदाहरण माझ्या स्वयंपाकघरात आहे – पण ते वर्गात कसं सांगणार?

माझं सासर केशोरीचं. लग्नानंतर पहिल्यांदा पाहुण्यांसाठी भात रांधला आणि तो गिच्च झाला. धानाच्या मुलखात! थोरल्या जाऊबाई, मी त्यांना मोठ्या बाई म्हणते, सगळ्या पंगतीसमोर म्हणाल्या, “काऊन वो मास्तरीण, कॉलेजात भात रांधाले नाही शिकवत का?” सगळे हसले. मीही हसले. मी बारीकसारीक गोष्टींच्याही याद्या करते. ही गोष्ट मात्र लिहायची गरज पडली नाही. विसरलेच नाही ना!

पुढे सासूबाई गेल्या. त्यांच्या भांड्यांचे तीन वाटे करायचे ठरले – आम्ही दोघी जावा आणि नणंद. आमच्याकडची रीत अशी, की एकाने पाठमोरं बसायचं, दुसऱ्याने वाट्यावर हात ठेवून “हा कोनाचा?” विचारायचं, आणि पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. म्हणजे कोणाला बोल लावता येत नाही. मी हिशोबी, नीटनेटकी – मलाच बसवलं. वाटेही मीच लावले होते, वजनं सारखी बघून.

एका वाट्यात पाण्याचा पितळी गुंड होता. मोठ्या बाई नवरी होऊन आल्या तेव्हापासून सासूबाईंबरोबर विहिरीवरून त्याच गुंडाने पाणी आणायच्या. त्यांना दुसरं काही नको होतं. तसं त्या बोलल्या नव्हत्या. पण आदल्या दिवशी तो त्यांनी एकटाच वेगळा घासून ठेवला होता – मी पाहिलं होतं.

मी बसले तिथे समोर कपाट होतं. कपाटाला आरसा.

सरकून बसता आलं असतं. डोळे मिटता आले असते. नाही का?

थोरल्या भाऊजींनी विचारलं, “हा कोनाचा?” आरशात त्यांचा हात गुंडावर होता. त्यामागे मोठ्या बाईंचा चेहरा होता. मला तो भात आठवला – खरंच, तेव्हाही.

“माझा,” मी म्हणाले.

मोठ्या बाईंनी पदराने गुंड पुसला, माझ्या हातात दिला. “ने. चिंचेनं घासत जाजो.”

आता सगळं छान चाललं आहे. आम्हा दोघींचं जमतं, अगदी मनापासून जमतं. भाताचं त्यांना आठवतही नसेल. माझ्याकडे आल्या की त्या गुंडातलंच पाणी घेतात, त्याच्यावरून हात फिरवतात. परत देऊन टाकावा? देता येईल. पण मग कारण सांगावं लागेल – म्हणून दिलेला नाही.

यंदा केशोरीच्या तलावातल्या मासोळ्यांचे वाटे पडले तेव्हा लोकांत कुरबुर झाली. मोठ्या बाईच पुढे झाल्या. “आमच्या मास्तरणीले बसवा. तिच्या वाटणीत खोट नाही निघत.”

मी गेले, पाठमोरी बसले आणि नावं घेतली.