साहेबांच्या मेहुण्याचा फोटो

मनीषनगरात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. पक्षात कोणाचं किती वजन, हे मला पेपर न वाचता कळतं. फोटो केवढा छापायला सांगितलाय ते पाहिलं की झालं. माझा थोरला भाऊ, दादा, कायम खालच्या ओळीत, शुभेच्छुकांच्या गर्दीत. अठरा वर्षं त्यानं सतरंज्या उचलल्या, बूथ सांभाळले, तरी तिकिटं वाटणाऱ्या साहेबांना त्याचं नाव आठवत नसे. यंदा मात्र त्याला महापालिकेचं तिकीट हवंच होतं आणि माझ्या डोक्याला त्याचा नुसता ताप.

साहेबांचा वाढदिवस आला. "साहेबांच्या साळ्याचा फोटो वर घे, मोठा," दादा म्हणाला.

"काहून? तो तर पक्षातही नाही."

"वहिनीसाहेबांचा भाऊ आहे गा. तिकीट घरातूनच ठरते."

साहेबांच्या घरचे रामटेकला दर्शनाला गेले होते, तेव्हाचे फोटो त्यानं कुठूनतरी मिळवून मला पाठवले. साहेबांच्या बायकोशेजारी एक झुपकेदार मिशीवाला उभा होता. मी तोच उचलला, खाली मेहुण्याचं नाव घातलं, वर 'आदरणीय' लिहिलं. सकाळी चौकात फ्लेक्स लागला आणि तासाभरात दादाचा फोन आला. तो माणूस साहेबांचा ड्रायव्हर होता.

"माह्या तिकिटाची वाट लावली बे तू!" त्याचा रडवेला आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं.

आम्ही दोघं माफी मागायला बंगल्यावर गेलो. व्हरांड्यात वहिनीसाहेब हसून हसून बेजार झाल्या होत्या. "बरं केलं तुम्ही," त्या म्हणाल्या. "माह्या आईले दवाखान्यात या ड्रायव्हरनंच नेलं-आणलं. भाऊ एकदाही फिरकला नाही. राहू द्या तो फ्लेक्स. आत या, चहा घ्या."

त्या चहापासून दादा घरचा झाला. भिवापूरची मिरची पोचवायला जायचा, तिथंच जेवायचा. महिन्याभरात उमेदवारांची यादी आली आणि तीत त्याचं नाव होतं.

पेढ्यांचा डबा घेऊन तो दुकानात आला, मला मिठी मारली, खूप हसला. मग स्टुलावर बसला आणि हळूच म्हणाला, "अठरा वर्षं मी काय करून राहिलो होतो गा?"

मी त्याच्या तोंडात पेढा कोंबला.