पूजेत मांडलेला वायफाय ॲडॅप्टर

आधीच सांगते — भूतखेत, करणी, अंगात येणं, यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. हे सगळं घडून गेल्यावरही नाही. त्यामुळे खाली "ताई, घराची शांती करून घ्या" असं लिहायला कुणी येणार असेल, तर कृपया तसदी घेऊ नका. आणि "ताई, तुम्ही विसरला असाल" म्हणणाऱ्यांनी तर आधी शेवटपर्यंत वाचा. मी काहीही विसरलेले नाही. झालं तसं लिहिते, पटलं तर ठीक, नाही तर सोडून द्या.

आम्ही वाशीला राहतो. धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. रस्त्याला लागून आमचं फॅब्रिकेशनचं दुकान — लोखंडी दारं, खिडक्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. दुकानाच्या मागच्या बाजूने लोखंडी जिना चढला की वर आमच्या खोल्या. घरात नवरा, मुलगी, मी आणि माझे सासरे. त्यांना आम्ही आबा म्हणतो. दुकान त्यांनीच उभं केलं, आता नवरा बघतो.

इंटरनेटचा राउटर खाली दुकानात, शटरच्या वर भिंतीला ठोकलेला. माझा कॉम्प्युटर वर. एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा तिथून घेतलेला जुना डेस्कटॉप. त्याला वायफाय पकडायची सोयच नव्हती. एवढे दिवस काही अडलं नव्हतं, कारण मोबाईलवर भागत होतं. पण त्या वर्षी एका सरकारी खात्यात लिपिकाच्या जागा निघाल्या... आणि वयाच्या अटीत मी बसत होते ती शेवटची भरती होती. पुढची निघेपर्यंत माझं वय उलटलेलं असणार होतं. मी बी.ए. झाले, लग्न झालं, टायपिंगच्या परीक्षा दिल्या, मुलगी झाली, आणि दरवेळी काही ना काही आडवं आलं. या वेळी काही आडवं येऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं.

नेमका फॉर्म भरायच्या आठवड्यात माझा मोबाईल पाण्याच्या बादलीत पडला. तो भूमला दुरुस्तीला दिला आणि सिम काढून आबांच्या बटणांच्या फोनमध्ये टाकलं. सगळी कागदपत्रं, फोटो, सही स्कॅन करून कॉम्प्युटरमध्येच होती. मग त्यालाच नेट द्यायचं म्हणून यूएसबीचा वायफाय ॲडॅप्टर मागवला. अंगठ्याच्या नखाएवढी काळी वस्तू, कडेला बारीक निळा दिवा. सोबत तो चालवायच्या सॉफ्टवेअरची, म्हणजे ड्रायव्हरची, छोटी सीडी. माझ्या कॉम्प्युटरचा सीडीचा कप्पा उघडतच नाही. म्हणजे नेट लावायला ड्रायव्हर पाहिजे, आणि ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत.

शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून पेनड्राइव्हवर ड्रायव्हर आणला. इन्स्टॉल केला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, ॲडॅप्टर पुढच्या खाचेत खुपसला... काही नाही. ड्रायव्हर काढला, परत टाकला. तिसऱ्या खेपेला निळा दिवा लुकलुकायला लागला आणि यादीत आमच्या दुकानाचं नाव आलं. पासवर्ड टाकला. कनेक्टेड! मी एकटीच टाळ्या वाजवल्या. आबा चहाचा कप ठेवायला आले होते, त्यांनी विचारलं, "ह्ये काय गं एवढंसं?"

"आबा, हे माझं औजार," मी म्हणाले. "तुमचा हातोडा, तसं माझं हे."

बोलून गेले खरी. तो दिवस अष्टमीचा होता.

त्या संध्याकाळी साईट इतकी जाम होती की अर्धाच फॉर्म भरून झाला. तो सेव्ह केला, ॲडॅप्टर काढून कीबोर्डशेजारी ठेवला आणि उठले. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची, संध्याकाळी सहापर्यंत. दिवसभर वेळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा मुलीला घेऊन ईटला गेला, नणंदेला दसऱ्याला आणायला. मी आवरून दहाच्या सुमारास कॉम्प्युटरसमोर बसले तर ॲडॅप्टर जागेवर नाही. माझी कात्रीही नाही, पेनड्राइव्ह मात्र होता. मी खाली गेले.

दुकानात आबांनी घोंगडी अंथरून सगळं मांडलं होतं. वेल्डिंग मशीन, ड्रिल, पाने, हातोडे, माझी कात्री. सगळं धुऊन-पुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूनं झाकलेलं. आणि मधोमध, एका छोट्या पाटावर, माझा ॲडॅप्टर. त्याच्यावर कुंकवाचा ठिपका.

खंडेनवमी. औजारांची पूजा. आमच्याकडे एकदा मांडलेलं औजार दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी उचलत नाही.

"आबा, हा कशाला घेतला?"

"आता गं! काल तूच म्हणलीस न्हाय का, ह्ये माजं औजार? म्हणून मधी मांडलंय. लई मान दिलाय बग त्येला."

"आबा, आज शेवटची तारीख आहे. सहाला साईट बंद होणार. तासाभराचं काम आहे, परत आणून ठेवते."

"आज न्हाय उचलायचं पोरी. वरसातनं योक दिस इसावा असतो त्येंला. फॉर्म फुडच्या साली निगंल की."

"पुढच्या साली निघेल, पण माझं वय बसणार नाही!"

आबा जागचे हलले नाहीत. मी तरातरा बाहेर पडले. गावातली फॉर्म भरून देणारी तिन्ही दुकानं पालथी घातली. तिन्हीकडे तेच. मॉनिटरला झेंडूचे हार, कीबोर्डवर नारळ, सीपीयूवर स्वस्तिक. "ताई, उद्या या." झेरॉक्सवाला तर म्हणाला, "काल ड्रायव्हर न्हेला तवाच भरायचा न्हाय का?" मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

साडेतीनला परत आले ती सरळ दुकानात शिरले. ठरवूनच आले होते. देव रागावला तर माझ्यावर रागावेल, मी बघून घेईन. मी पाटाकडे हात नेला. आबा मांडणीशेजारी खुर्चीवर बसले होते.

"उचल," ते म्हणाले. "म्या हात धरनार न्हाय. पर आदी ह्ये बग."

त्यांनी उजवा हात पुढे केला. त्या हाताची दोन बोटं नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तो हात बघत होते. कटरमध्ये गेली, एवढंच माहीत होतं.

"खंडेनवमीच हुती. योका बागायतदाराला घाई हुती, त्येचा गेट द्यायचा हुता. बापानं न्हाय म्हणलं, तरी म्या मशीन उचललं. लई तोऱ्यात उचललं." माझ्या हातांकडे बघत ते म्हणाले, "तुजी बोटं हैत गं. टायपिंगची हैत. मला भ्या वाटतं."

देवाशी मी भांडले असते. त्या हाताशी भांडता येईना. मी हात मागे घेतला. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे आबांनी याचा वेगळाच अर्थ लावला. मी मागे घेतलेला हात देवासाठी नव्हता. तो आबांसाठी होता. आणि वर गेल्यावर मी रागाने रडले, तेही लिहिते.

पाच वाजायला दहा मिनिटं होती. सकाळपासून चालू राहिलेला कॉम्प्युटर बंद करावा म्हणून मी माऊस हलवला. स्क्रीन उजळला. खाली कोपऱ्यात वायफायच्या पट्ट्या भरलेल्या होत्या.

कनेक्टेड.

मी कॉम्प्युटरच्या पुढच्या दोन्ही खाचा बघितल्या. रिकाम्या. बोट लावून बघितलं. मागे वाकून बघितलं — तिथे फक्त कीबोर्ड आणि माऊस. डिव्हाईस मॅनेजर उघडला, तर त्यात ॲडॅप्टरचं नाव होतं आणि खाली लिहिलेलं, हे उपकरण व्यवस्थित काम करत आहे. मग साईट उघडली. काल सेव्ह केलेला फॉर्म समोर आला. कालच्यापेक्षा दहापट वेगाने.

मी भरायला लागले. शिक्षण, पत्ता, जात, टायपिंगचा वेग. फोटो चढला, सही चढली. शेवटचं बटण दाबलं तर ओटीपी मागितला. तो जाणार माझ्या सिमवर, म्हणजे आबांच्या फोनवर.

मी जिन्यातून ओरडले, "आबा, मेसेज आलाय बघा, आकडे वाचा!"

उत्तर नाही. परत ओरडले. मग खालून आबांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. "मनीषा... खाली ये गं. ह्येचा दिवा लागलाय."

मी धावत खाली गेले. आबा फोन हातात धरून उभे होते. झेंडूच्या मध्ये, पाटावर, कुंकू लावलेल्या त्या ॲडॅप्टरचा निळा दिवा लुकलुकत होता. कशालाही जोडलेला नव्हता. खाली लाकडी पाट, त्याखाली घोंगडी. ना वायर, ना बॅटरी. तो माझ्या वरच्या कॉम्प्युटरवर जसा लुकलुकतो अगदी तसाच, मध्येच भरभर, मध्येच थांबून.

आबांनी हात जोडले.

"आबा, आधी आकडे सांगा, मग हात जोडा!"

त्यांना चष्म्याशिवाय दिसेना. मी फोन ओढून घेतला आणि जिन्याकडे पळाले. भीती वाटली का, असं पुष्कळ जण विचारतात. वाटली. पण घड्याळात पाच एक्केचाळीस झाले होते. भ्यायला नंतर अख्खा जन्म होता, फॉर्मला एकोणीस मिनिटं होती. वर जाईपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. आला. टाकला. स्क्रीनवर गोल फिरायला लागला. मी मोठ्याने म्हणाले, "जो कोण असशील, मध्ये सोडू नकोस, सांगून ठेवते."

पाच सत्तेचाळीसला फॉर्म जमा झाला. अर्ज क्रमांक आला. मी तो वहीत लिहिला, पावती पेनड्राइव्हवर घेतली. ती फाईल बंद करते न करते तोच पट्ट्यांवर लाल फुली आली. खाली गेले तेव्हा आबा तिथेच उभे होते आणि दिवा विझलेला होता.

आता शंकेखोरांसाठी. माझ्या कॉम्प्युटरमध्ये आतून वायफायचं कार्ड नाही. धाराशिवच्या एका दुकानात मी स्वतः समोर उभं राहून तो उघडायला लावला. ब्लूटूथ नाही. केबल नव्हती. घरात त्या वेळी एकच फोन, तोही बटणांचा. कॉम्प्युटरच्या नोंदीत चार एकोणपन्नासला ॲडॅप्टर जोडल्याची आणि पाच एकोणपन्नासला काढल्याची वेळ आहे. दुकानातला माणूस ते बघून म्हणाला, "मॅडम, लावला असंल तुमी, ध्यानात न्हाय ऱ्हायलं." मी म्हणाले, मग आबांनी काय बघितलं? तो हसून म्हणाला, वय झालंय त्यांचं. मी कॉम्प्युटर उचलला आणि घरी आले. माणसाला आपल्याला कळत नाही हे म्हणायची एवढी लाज का वाटते, मला समजत नाही.

नवरा म्हणतो, विंडोजचं काहीतरी बिनसलं असेल. बिनसल्यावर नेट जातं, येत नाही, एवढं मलाही कळतं. दुसऱ्या दिवशी रीतसर पूजा करून ॲडॅप्टर उचलला, कुंकू पुसलं, खाचेत लावला. साध्या ॲडॅप्टरसारखा चालला. आजही चालतो, सर्व्हर जाम असला की जाम होतो.

आबांचं मात्र ठरलेलं आहे. सुनेनं देवाचा मान राखला, देवानं तिचा राखला. ही गोष्ट गावभर झाली. पुढच्या खंडेनवमीला दोन बायका आपल्या पोरांचे मोबाईल घेऊन आमच्या दारात हजर — "तुमच्या मांडणीत ठिवा, पोराचा रिझल्ट हाय." मी दोघींना चहा दिला आणि मोबाईलसकट परत पाठवलं. आबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

परीक्षा चार महिन्यांनी झाली. मी पास झाले. आता नोकरीत आहे. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "देवानं लावली आमच्या सुनंला नोकरीला." बरेच दिवस मी ऐकून घेतलं. परवा पाहुण्यांसमोरच त्यांनी परत सुरू केलं, तेव्हा मी भाकरी थापायची थांबून बाहेर आले.

"आबा, नेट कुणी दिलं मला माहीत नाही. पेपर मी दिला."

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे. "व्हय," ते म्हणाले. "त्ये मातर खरं. पहाटं उटून तव्याम्होरं पाठ करायची. म्या आयकलंय पलीकडनं."

आणि पुढच्या पाहुण्याला परत देवापासूनच सुरुवात केली!

त्या एका तासाचं उत्तर माझ्याकडे नाही. शोधलं, विचारलं, कॉम्प्युटर उघडून बघितला, नाही सापडलं. कुणाला सापडलं तर जरूर सांगा. पण त्या तासाच्या आधीची, बी.ए. झाल्यापासूनची माझी पंधरा वर्षं आहेत आणि नंतरचे चार महिने आहेत. त्यांचा हिशोब मला पक्का ठाऊक आहे, आणि त्यातला एक दिवसही मी कुणाच्या नावावर करणार नाही. देवाच्यासुद्धा.